ताडोब्याला जाताना आधी गेट ठरवा, मग खोली

जंगल रिसॉर्टच्या जाहिरातीत तीन गोष्टी हमखास दिसतात: लाकडी ओट्यावरची आरामखुर्ची, वाफाळता चहा आणि वाघ. यातल्या पहिल्या दोन रिसॉर्टवाल्याच्या हातात असतात. तिसरी कुणाच्याच हातात नसते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण वाघापर्यंत नेणारी जिप्सी (सफारीची उघडी जीप), तिच्यातला गाइड आणि गेटमधून आत सोडणारं परमिट, हेही बहुतेक वेळा रिसॉर्टच्या अखत्यारीत नसतं. हे मात्र अनेकांना ताडोब्याच्या वेशीवरच्या मोहर्लीत बॅगा उतरवल्यावर कळतं.

पंढरपुरात धर्मशाळेत खोली मिळाली म्हणून विठ्ठलाच्या दर्शनाची रांग चुकत नाही, तसंच हे आहे. खोलीचा व्यवहार खासगी, सफारीचा व्यवहार वनखात्याचा. दोन्ही वेगळ्या खिडक्या. एकीचे पैसे भरले म्हणून दुसरी उघडत नाही. एवढं पक्कं झालं की बाकीच्या गोष्टी आपोआप सुटत जातात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोब्याचं उदाहरण घेऊ. मराठी माणूस सर्वांत जास्त तिथेच जातो, आणि गोंधळही तिथेच जास्त होतो.

आपण राहतो ते जंगलात की गावात?

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं. त्याला लागून असलेलं अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये झालं आणि नव्वदच्या दशकात दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. उद्यान सुमारे ११६ चौरस किलोमीटर, अभयारण्य सुमारे ५०९. हे सव्वासहाशे चौरस किलोमीटर म्हणजे कोअर, गाभा. त्याभोवती अकराशे चौरस किलोमीटरचा बफर. कोअर आणि बफर ही विभागणी कायद्यातली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला गाभा आणि त्याभोवतीचा पट्टा ठरवून द्यावा लागला. गाभ्यात माणसाचा वावर कमीत कमी ठेवायचा, बफरमध्ये गावं, शेती आणि जंगल यांनी एकमेकांना सांभाळून राहायचं, असा त्यामागचा विचार.

२०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन काही काळ बंदच केलं होतं. ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि बंदी उठली. त्या तत्त्वांनुसार गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटकांना नेता येतं, आणि गाभ्यात पर्यटनासाठी नवं बांधकाम करता येत नाही. म्हणजे आपण ‘ताडोबा पाहून आलो’ म्हणतो तेव्हा त्याच्या गाभ्याचा जेमतेम पाचवा हिस्सा आपल्यासाठी खुला असतो. बाकीचं जंगल वाघाचं, आणि ते तसंच असावं.

म्हणून ‘ताडोब्याच्या आत’ अशी जाहिरात करणारा रिसॉर्ट प्रत्यक्षात बफरमध्ये किंवा कडेच्या एखाद्या गावाच्या जमिनीवर असतो. यात फसवणूक असतेच असं नाही. बफर हेही खरंखुरं जंगल आहे. वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्री, रानगवे तिथेही फिरतात. वाघाला हद्दीचे दगड वाचता येत नाहीत. पण मुक्काम गावाच्या कुशीत असतो, हे ध्यानात असलं की सकाळी कोंबडा आरवला किंवा पलीकडे लग्नाचा बँड वाजला तर ‘हे कसलं जंगल’ असं वाटत नाही.

गेट आधी का?

नकाशावर ताडोबा उभा, उत्तर-दक्षिण पसरलेला दिसतो. चंद्रपूरकडून येणाऱ्यांसाठी दक्षिणेला मोहर्ली. चंद्रपूरहून साधारण ३० किलोमीटर. हा रस्ता पाहण्यासारखा आहे: एकीकडे कोळशाच्या खाणी, वीज केंद्राच्या चिमण्या, मग त्याच वीज केंद्रासाठी बांधलेल्या इरई धरणाचं पाणी, आणि त्या पाण्याच्या काठाला लागून थेट जंगल. नागपूरकडून उमरेड, भिसी, चिमूर करत येणाऱ्यांना उत्तरेचं कोलारा किंवा नवेगाव सोयीचं. याशिवाय खुटवंडा, पांगडी, झरी ही कोअरची गेटं आहेत. बफरची तर बरीच: आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलीझंजा, मामला आणि आणखी काही.

आता गंमत अशी, की परमिट एका ठरावीक गेटचं असतं. खोली मोहर्लीत आणि सफारी कोलाऱ्याची, असं झालं तर बाहेरून वळसा घालून जाण्यात दोन तास सहज जातात. गेट उघडतं पहाटे. म्हणजे रात्री तीनला उठून अंधारात गाडी हाकायची, ज्या रस्त्यावर रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) कधी आडवी येईल सांगता येत नाही. म्हणून आधी परमिट कोणत्या गेटचं मिळतंय ते पाहा, मग त्याच गेटच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत खोली शोधा. अनेक जण नेमकं उलटं करतात, कारण खोल्यांचे फोटो आकर्षक असतात आणि गेटचा फोटो म्हणजे एक अडसर नि एक फलक.

परमिट व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आगाऊ काढता येतं. प्रत्येक गेटला सकाळी आणि दुपारी किती गाड्या सोडायच्या याचा आकडा ठरलेला आहे. दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार आधी भरतात. शनिवार-रविवारचे दरही जास्त असतात. नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक परमिटवर येतो, गेटवर मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि ‘मावशीऐवजी आत्या आली’ हे तिथे चालत नाही. जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाइड. बहुतेक गेटवर जिप्सी आणि गाइड क्रमवारीने मिळतात. ‘आमच्या ओळखीचा गाइड लावून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्यावर फार विसंबू नका.

रिसॉर्ट ‘सफारीसह पॅकेज’ देतात तेव्हा ते बहुधा आपल्या वतीने हेच परमिट काढत असतात. सोय म्हणून ते चांगलंच. पण पैसे भरण्याआधी विचारावं: परमिट कोणत्या गेटचं, कोअरचं की बफरचं, सकाळचं की दुपारचं, जिप्सी पूर्ण आपली की दुसऱ्या कुटुंबासोबत, आणि परमिट मिळालंच नाही तर किती पैसे परत. ‘दोन सफारी’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्या दोन्ही बफरच्या निघू शकतात. बफरमध्ये वाघ दिसत नाही हा समज चुकीचा आहे. जुनोना, मदनापूर, अलीझंजा इथे चांगले वाघ दिसतात. फक्त आपण कशाचे पैसे देतोय ते माहीत असावं. मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याला शुल्क वेगळं आणि मोबाइल आत नेता येत नाही. तोही वेळेवर वादाचा विषय होतो.

सगळीकडे अशीच पद्धत आहे असं नाही. कर्नाटकात काबिनीला सरकारी कंपनी जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स स्वतःच लॉजही चालवते आणि सफारीही, म्हणून तिथे राहणं, जेवण, सफारी एकाच पावतीवर येतं. तिथून आलेला माणूस ताडोब्यात त्याच अपेक्षेने येतो आणि रिसेप्शनवर भांडतो. महाराष्ट्रात पर्यटन विकास महामंडळाचं आणि वनविकास महामंडळाचं निवासस्थान मोहर्लीत आहे. गेटच्या अगदी जवळ. खोल्या साध्या आहेत, पण जंगलासाठीच आलेल्या माणसाला मी आधी तिथेच चौकशी करायला सांगेन.

दिवस कसा जातो

पहाटे चारच्या सुमारास दारावर टकटक होते. चहा, बिस्किटं, आणि उजाडण्याआधी गेटसमोर रांग. गेट उघडण्याची वेळ ऋतूप्रमाणे पुढे-मागे होते. सकाळची फेरी साधारण चार तासांची, दुपारची सूर्यास्तापर्यंत. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत हाडं गोठतात. मुंबईकर हे ऐकून हसतात, मग रिसॉर्टने दिलेली घोंगडी डोक्यापर्यंत ओढून बसतात. कानटोपी आणि हातमोजे न्यावेत. मे महिन्यात उलट. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारच्या जिप्सीत सीटचा लोखंडी दांडा हाताला चटका देतो. म्हणून ‘लक्झरी टेंट’ घेताना एक गोष्ट नक्की विचारावी: वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो का? कापडी छप्पर मे महिन्यात दुपारी काय करतं, ते फोटोत दिसत नाही.

दहा-साडेदहाला परत, नाश्ता, आंघोळ, जेवण, झोप. दुपारी पुन्हा गेट. रिसॉर्टमध्ये जागेपणी आपण जेमतेम पाच-सहा तास असतो. म्हणून तरणतलावासाठी फार पैसे मोजण्यात अर्थ नाही असं माझं मत. पोरं सोबत असतील तर गोष्ट वेगळी. जेवणात बहुतेक ठिकाणी पनीर बटर मसाला आणि शेवटी गुलाबजाम. विदर्भात येऊन हे खाणं म्हणजे करंटेपणा. स्वयंपाकघरात गावचीच माणसं असतात; आदल्या दिवशी सांगितलं तर पाटवडी रस्सा, झुणका-भाकर, वडा-भात आनंदाने करून देतात.

रात्री कुंपणाच्या आतही भटकू नका असं सांगितलं जातं, त्यामागे कारण आहे. गावांच्या कडेला बिबट कुत्र्यांच्या मागावर येतो. मोहाची फुलं पडू लागली की अस्वलं येतात. साप तर बारमाही. खोलीपासून जेवणघरापर्यंत जाताना टॉर्च आणि सोबत माणूस घ्यावा. रात्री मोठ्याने गाणी आणि झगझगीत दिवे हवे असतील तर जंगलाच्या कडेला कशाला यायचं, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

वाघ शोधतात कसा

जिप्सी नुसती इकडून तिकडे धावत नाही. निदान चांगला गाइड तसं होऊ देत नाही. तो आधी रस्त्यावरची धूळ वाचतो. वाघाला जंगलातले कच्चे रस्ते आवडतात. मऊ मातीवर चालणं सोपं, शिवाय कडेच्या झाडांवर गंध सोडून हद्द सांगता येते. रात्रीतून उमटलेल्या पावलांवर जिप्सीची चाकं गेली नसतील तर वाघ कुठे वळला ते कळतं. म्हणून सकाळची पहिली पंधरा मिनिटं महत्त्वाची.

मग कान. चितळ कॉल (धोक्याचा इशारा) देतो, पण ते घाबरट जनावर. बिबट्याला, रानकुत्र्याला आणि नुसत्या संशयालाही ओरडतं. वानर उंचावरून पाहतं, त्यामुळे त्याचं खोकल्यासारखं खॅक-खॅक जास्त भरवशाचं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. आणि सांबर. सांबराचा ‘ढांक’ असा घोगरा आवाज घुमला की चालक न सांगता इंजिन बंद करतो. सांबर सहसा उगाच ओरडत नाही. अशा वेळी दहा, वीस, चाळीस मिनिटं काहीही न बोलता बसावं लागतं. ‘चला ना दुसरीकडे’ असं म्हणणारा पर्यटक नेमका याच वेळी तोंड उघडतो.

उन्हाळ्यात हे सगळं सोपं होतं, कारण पाणी मोजक्याच पाणवठ्यांवर उरतं आणि पानगळ झालेली असते. सागाला पानं नसतात, बांबू विरळ दिसतो, नजर आतपर्यंत जाते. वाघ पाण्यात बहुधा पाठमोरा शिरतो, मागची बाजू बुडवून तासन् तास बसून राहतो. एप्रिल-मे महिन्यात ताडोब्याला झुंबड उडते ती यासाठी. ऑक्टोबरात गेट उघडतं तेव्हा गवत पुरुषभर उंच असतं, वाघ पाच हातांवरून गेला तरी कळत नाही. पण जंगल म्हणून पाहायचं तर मला ते दिवस अधिक आवडतात. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतो. बफरची काही गेटं पावसाळ्यातही चालू राहतात.

‘अमुक गेटला वाघ नक्की दिसतो’ ही माहिती कशी शिळी होते, त्याचं उदाहरण म्हणजे पांढरपौनी परिसरातली माया वाघीण. कित्येक वर्षं लोक तिच्यासाठी ताडोब्याला येत. वाघीण आपल्या हद्दीत पिलं वाढवत असली की दीड-दोन वर्षं त्या भागात दर्शन चांगलं होतं. पिलं मोठी होऊन पांगली, किंवा हद्द दुसऱ्या वाघिणीने घेतली, की सगळं बदलतं. माया २०२३ च्या पावसाळ्यापासून दिसेनाशी झाली. नोव्हेंबरात अवशेष सापडले आणि डीएनए तपासणीतून ते तिचेच असल्याचं निष्पन्न झालं. त्या हंगामात तिच्या नावावर खोल्या बुक केलेल्यांचे पैसे कुणी परत करणार नव्हतं, आणि करायलाही नको होते. दोन वर्षांपूर्वीच्या कौतुकावर विसंबून गेट निवडू नका. चार दिवस आधी जिप्सीवाल्याला फोन करून विचारणं जास्त कामाचं.

वाघ दिसला की पुढे काय होतं, तो भाग अप्रिय आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच पिलांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफीत पसरली, चालक आणि गाइडवर कारवाई झाली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. शिक्षा चालकांना झाली. पण ‘अजून थोडं पुढे घे ना’ म्हणून बक्षिसाचं आमिष दाखवणारे मागच्या सीटवर बसलेले असतात. गाइडला बक्षीस द्यायचंच तर वाघ दिसला नाही त्या दिवशीही द्या. मेहनत तेवढीच असते.

खोलीचे पैसे कुठे जातात

एकाच गावात एक खोली दोन-तीन हजारांत आणि दुसरी तीस हजारांत असू शकते. फरक जागेचा, जेवणाचा आणि सेवेचा असतो, वाघाचा नाही. महागड्या लॉजमध्ये नॅचरलिस्ट असतो, म्हणजे पक्षी, झाडं, पायवाटा समजावून सांगणारा प्रशिक्षित माणूस. तो चांगला असेल तर पैसे वसूल. जिप्सीत तो सोबत येणार का आणि आला तर एक जागा कमी होणार का, तेवढं विचारून ठेवा.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो: इथे कामाला कोण आहे? गाभ्यातली जामणी, नवेगाव, बोटेझरी ही गावं उठवून बाहेर वसवली गेली. जी गावं कडेला आहेत त्यांची गुरं वाघ मारतो, पिकं रानडुकरं खातात. मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटे मोहफुलं वेचायला आणि त्यानंतर तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात. पर्यटनाचा ऐन हंगामही हाच. आपण जिप्सीत बसून वाघाची वाट पाहतो त्याच आठवड्यात पंधरा-वीस किलोमीटरवर एखादी बाई वाघाच्या हल्ल्यात जाते, ही चंद्रपूर जिल्ह्यातली दर उन्हाळ्याची बातमी आहे. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले. या वाढीची किंमत गावं मोजतात, तर वाघामुळे येणाऱ्या पैशातला वाटाही तिथे पोचायला हवा. ताडोब्यात गाइड, चालक गावातले आहेत, महिला गाइडही आहेत. रिसॉर्टच्या बाबतीत मात्र जागोजागी वेगळं चित्र. काही ठिकाणी माळ्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे आसपासचे, काही ठिकाणी गावातला फक्त रखवालदार. फोनवर विचारलं तर सांगतात. गावातले होमस्टेही आहेत. स्वच्छ खोली आणि घरचं जेवण एवढ्यावर भागणार असेल तर तेच घ्यावं.

वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री बफरमध्ये मचाणावर बसून पाणवठा पाहण्याचा ‘निसर्गानुभव’ नावाचा उपक्रम वनखातं ठेवतं. त्याची नोंदणी वेगळी आणि जागा मोजक्या.

शेवटचं राहिलं ते मंगळवारचं. ताडोबा मंगळवारी बंद असतो. सोमवार-मंगळवार अशी सुट्टी जोडून येणारे हे विसरतात आणि रिसॉर्टवाला आपणहून सांगेलच असं नाही, त्याला खोली भरायची असते. मुक्कामात मंगळवार येतच असेल तर भद्रावतीची विजासन लेणी आणि जैन मंदिर, वरोऱ्याचं आनंदवन, किंवा चंद्रपुरातला गोंड राजांचा परकोट, अंचलेश्वर आणि महाकालीचं देऊळ बघून घ्या. चैत्रात गेलात तर महाकालीची यात्रा भरलेली असते. त्या दिवसांत चंद्रपुरात गाडी लावायला जागा मिळणं कठीण, तेव्हा सकाळी लवकर निघा.